पाचशे वर्षांचा मासा

पहाटे तळ्यातून आणलेला मासा तिने प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये गरम पाण्यात बुडवला आणि मांस सोडवून काटे वेगळे करू लागली. संचालक दारातच थबकले.

"बाई, ही प्रयोगशाळा आहे की खानावळ?"

"याचं वय काढायचंय, सर."

"अहो, काल पोहत होता ना तो?"

"म्हणूनच."

त्यांनी नाकाला रुमाल लावला, पण नाही म्हणाले नाहीत. तिचा चेहरा पाहून बहुधा कुणालाच नाही म्हणवलं नसतं.

तिचा नवरा याच संस्थेतला, उत्खननातला माणूस. त्याच्या हाताला मातीची अशी जाण, की सहकारी त्याला कौतुकाने 'खुरपं' म्हणत. तळ्याकाठी त्याला एक थडगं सापडलं. एक पुरुष, एक बाई, आणि दोघांची बोटं एकमेकांत गुंतलेली. हे त्याने एकट्याने पाहिलं. फोटो काढायच्या आतच काठ ढासळला, पाणी घुसलं आणि हाडं हाताला लागतील तशी उचलावी लागली. पुढे हाडांतल्या कार्बनवरून वयं निघाली, तर पुरुष बाईच्या पाचशे वर्षं आधी मेलेला. झालं! खुरप्याने दोन थडगी एकात कालवली आणि वर प्रेमकथा रचली, असं भर बैठकीत कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. चौकशी लागली. नवऱ्यापायी तिचीही नोकरी जाणार, अशी कुजबुज सुरू झाली.

तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून असे. ताट पुढे ठेवलं तर जेवे, नाहीतर नाही. तो जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या धास्तीने ती कामावर निघताना घरातल्या सगळ्या गोळ्या पर्समध्ये घालून नेई.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिला माशाच्या काट्याचा होता. तळ्याचं पाणी चुनखडीतून झिरपून येतं. त्या दगडातला जुनापुराणा कार्बन पाण्यात उतरतो, पाण्यातून माशात आणि माशातून खाणाऱ्याच्या हाडांत. जन्मभर मासे खाल्लेला माणूस आहे त्याहून कितीतरी जुना दिसणार, असा तिचा हिशेब होता. तो चुकला, तर नवऱ्याला काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

काही आठवड्यांनी आकडा आला. तिच्या डोळ्यांदेखत तडफडलेला मासा यंत्राच्या मते पाचशे वर्षांपूर्वी मेला होता. ती तिथेच फरशीवर बसून रडली.

संचालकांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे पुरुष इथलाच, मासे खाणारा. आणि बाई?"

"बाहेरून आलेली, सर. येऊन फार दिवस झाले नसणार. हाडं सावकाश बदलतात. तिच्या हाडांत अजून माहेरचंच अन्न होतं."

"हं. एका वेळचे असू शकतात खरे." त्यांनी चष्मा काढला. "पण आता उपयोग काय? हातांचं ते तुमच्या यजमानांनीच मागे घेतलंय. सकाळी येऊन गेले. मी तसं काही पाहिलंच नव्हतं, म्हणाले, सगळ्यांसमोर. तुम्हाला बोलले नाहीत?"

ती घरी आली तेव्हा तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी चहा पीत बसला होता.

"सुटलो एकदाचे," तो म्हणाला. "चौकशी बंद. तुझ्या नोकरीला आता धक्का नाही."

"मासा पाचशे वर्षांचा निघाला."

तो त्याच धंद्यातला, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. त्याने कप खाली ठेवला.

"म्हणजे ते दोघं..."

"एकाच वेळचे. उद्या जा आणि सांग, पाहिलं होतं म्हणून."

"आज नाही म्हणालो, उद्या हो म्हणू? कोण विश्वास ठेवेल?"

"मी ठेवीन. मला सांग. हातात हात होते ना?"

त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"चार दिवस मनात घोकत होतो गं, पाहिलं नाही, पाहिलं नाही," तो म्हणाला. "आता खरंच दिसत नाहीत."