शेवटचं पान आधी वाचणाऱ्या बाईची वाचनखूण

मी वाचनखूण बोलतेय. पुस्तकात खुपसायला तुम्ही जिला विसरून जाता आणि मग पान सापडत नाही म्हणून घरच्यांवर ओरडता, ती.

माझा जन्म टूथपेस्टच्या खोक्यातून झाला. डॉक्टरीणबाईंची लेक तेव्हा पहिलीत होती. आईच्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचं म्हणून तिनं खोकं कापलं. कात्री वाकडी गेली, त्यामुळे मी कमरेत जरा तिरकी आहे. पुढच्या बाजूला तिनं एक हसरी दाढ काढली. दाढेला हात, पाय, आणि तोंडात पुन्हा दात. दाढेला दात कसे, असं बाबांनी विचारलं तेव्हा तिनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी प्रश्न मुकाट्यानं मागे घेतला. शेपूट म्हणून मला दात साफ करायचा दोरा बांधला, लाल शाईत बुडवून. पाठीवर खोक्यावरची 'ताजा श्वा' एवढीच अक्षरं उरली आहेत. माझा श्वास असा अर्धाच.

आमच्या डॉक्टरीणबाई दातांच्या. दवाखाना घराच्या खालच्या मजल्यावर. दोन पेशंटच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली की टेबलाच्या खणातून थ्रिलर बाहेर येतं. नवीन आलेलं, शाईचा वास न गेलेलं. आणि हातात आलं की पहिलं काम एकच. शेवटचं पान.

"कोण मेलं, कोण जगलं हे कळलं की माणूस निवांत वाचतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या धंद्याचाच हा गुण असावा. पेशंटला त्या सगळं आधी सांगतात. आता टोचेल, आता दडपल्यासारखं वाटेल, आता आवाज येईल, घाबरायचं नाही. आधी सांगितलं की निम्मं दुखणं कमी होतं, यावर त्यांची भारी श्रद्धा.

पण ही श्रद्धा त्यांनी पुस्तकांनाही लावली, तिथे घोटाळा झाला. एकदा खुर्चीत गणिताचे मास्तर होते, तोंडात कापूस कोंबलेला. डॉक्टरीणबाईंचे हात दाढेत आणि जीव नुकत्याच संपवलेल्या पुस्तकात.

"ते तलावाकाठच्या बंगल्याचं पुस्तक आलंय ना नवीन? सगळे नवऱ्यावर संशय घेतात. हल्ली प्रत्येक पुस्तकात नवराच. बिचाऱ्यानं केलेलं काही नसतं, फक्त फोन उचलत नाही. आणि खरं सांगू? बायको मेलेलीच नसते!"

मास्तरांनी "आं! आं!" करत हात उडवले.

"दुखतंय का? थांबा, अजून एक इंजेक्शन देते."

इंजेक्शन देता देता त्यांनी खड्डा कोणी खणला तेही सांगून टाकलं. जाताना मास्तर अर्ध्या बधिर तोंडानं एवढंच म्हणाले, "दॉक्तल, मी अल्ध्यात होतो." डॉक्टरीणबाईंनी ते मनावर घेतलं नाही. दाढ उत्तम निघाली होती.

लेक आता अकरावीत. ती तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचते. रात्रीचं जेवण म्हणजे या घरात पुस्तकांची चिरफाड. मी वाटीच्या शेजारी पडलेली असायची, अंगावर कधी आमटीचा थेंब. तो अजून आहे.

"जळालेलं प्रेत, आणि दातांवरून ओळख दहा मिनिटांत!" डॉक्टरीणबाई घास हातात धरून म्हणायच्या. "माझ्याकडे जिवंत माणसाचा जुना एक्स-रे शोधायला आठवडा लागतो. आणि ती नायिका, तिला सोयीनं चक्कर येते आणि सोयीनं आठवतं. शेवटी एक जुळी बहीण! अरे, जुळी काढायचीच होती तर मध्ये एकदा तिचा उल्लेख तरी करायचा. हवेतून आली का?"

"आमच्याकडे नायिका उठल्या उठल्या आरशात बघते आणि स्वतःच्या डोळ्यांचा रंग सांगते," लेक म्हणायची. "आई, तू उठल्यावर असं करतेस?"

"मी उठल्यावर घड्याळ बघते आणि किंचाळते. पण मला सांग, तुमच्या पुस्तकांतल्या आया जातात कुठे गं सगळ्या? पहिल्या प्रकरणातच मेलेल्या असतात."

"आई जिवंत असती तर तिनं पोरीला घराबाहेर पडू दिलं असतं का? गोष्टच झाली नसती."

यावर बाबा जोरात हसायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात आणि फक्त यंत्रांची माहितीपत्रकं वाचतात. त्यात कुणी मरत नाही, हे त्यांचं कारण. मला ते जेवण फार आवडायचं. खोक्याचा पुठ्ठा असून मला भूक लागल्यासारखं व्हायचं.

आणि मग ते तीन भागांचं प्रकरण झालं. एका नदीकाठच्या शहराची गोष्ट. तिथे सोळावं लागलं की प्रत्येकाला आपली एक आठवण सरकारजमा करावी लागते. त्यात एक नावाडी मुलगा होता. लेकीचा त्याच्यावर इतका जीव की त्याच्याबद्दल ती "तो" म्हणायची आणि घरात सगळ्यांना कळायचं. दुसऱ्या भागात नावाड्याचा कुत्रा मेला, तेव्हा ती दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या भागाची वाट तिनं वर्षभर पाहिली.

तो भाग आला तेव्हा लेक कॉलेजात होती. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं आणि सवयीनं शेवटचं पान उघडलं. मी टेबलावरून पाहत होते. त्यांचा चेहरा पडला. संध्याकाळभर त्या अस्वस्थ होत्या. लेक दारात आली, एक बूट काढला, आणि दुसरा काढायला वाकली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बाळा, मनाची तयारी ठेव. नावाडी मरतो. आधीच सांगून ठेवते म्हणजे—"

लेक एक बूट पायात तशीच उभी राहिली. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करेल. पण तिनं पुस्तक घेतलं, खोलीत गेली, दार लावलं. दुसरा बूट पायातच.

त्या दिवसापासून तिनं आईशी पुस्तकांबद्दल बोलणं बंद केलं. आणि त्या दोघी दुसरं बोलायच्या तरी काय? पुस्तक वगळलं तर उरलं "टॉवेल वाळत घाल" आणि "घातला". जेवताना ताटवाट्यांचा आवाज तेवढा. डॉक्टरीणबाईंनी माफी मागितली, दोनदा, तीनदा. नवीन पुस्तकं आणली. लेक म्हणाली, "बाबा, तिला सांगा मला नकोत." आई समोरच बसलेली.

बाबांनी आपल्या परीनं प्रयत्न केला. एका रात्री घसा साफ करून म्हणाले, "वॉशिंग मशीनचं नवीन माहितीपत्रक वाचलं. सुरुवात पकड घेते. पण शेवटी हमीच्या अटी फार ताणल्यात." कुणीही हसलं नाही. बाबांनी मान खाली घालून भात संपवला.

डॉक्टरीणबाई आतून झुरत होत्या. खणात नवीन थ्रिलर पडून होतं आणि त्यांनी त्याचं शेवटचं पानसुद्धा उघडलं नव्हतं. वाचून सांगायचं कुणाला? लेक दोन वर्षांनी शिकायला बाहेर जाणार, ती अशीच अबोल निघून गेली तर, असं त्या बाबांना म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

दार उघडलं ते लेकीनंच. एका सकाळी ती दवाखान्यात आली आणि टेबलावर एक कादंबरी आपटली. "मला माफी नको. हे माझ्यासारखं वाचून दाखव. पहिल्यापासून, ओळीनं. मग बोलू."

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिनं बांधून टाकलं होतं, दात साफ करायच्या दोऱ्यानं, उभं आणि आडवं. आई टाके घालते, कुठलीही गाठ सोडून जशीच्या तशी पुन्हा मारू शकते, हे ती ओळखून होती. म्हणून प्रत्येक गाठीवर जांभळं नखपॉलिश. डॉक्टरीणबाईंनी गाठ निरखली आणि नकळत म्हणाल्या, "काम स्वच्छ आहे हं."

गोष्ट एका बेटावरच्या दीपगृहाची. मायलेकी दोघीच ते सांभाळतात. "यात आई जिवंत आहे," लेक जाता जाता म्हणाली. "सुरुवातीला तरी."

हे शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच पहिलं पान उघडलं.

पहिले दोन दिवस त्यांनी नाक मुरडलं. "पंधरा वर्षांची पोर बोटीचं इंजिन उघडते म्हणे. आमच्या पोरीला बाटलीचं झाकण उघडत नाही." पण तिसऱ्या दिवशी मी एका बैठकीत एवढी पानं पुढे सरकले की मला गरगरलं. बाहेर दाढ धरून बसलेल्या काकू ताटकळल्या. एका पेशंटला त्यांनी "आता टोचेल" हे सांगायचंच विसरून इंजेक्शन दिलं. तो दचकला, आणि मग म्हणाला, "अरेच्चा, झालंसुद्धा?"

मग ते वादळ आलं. पुस्तकातली आई एका भरकटलेल्या होडीला वाचवायला बोट घेऊन निघते. पोर दिव्यापाशी एकटी. आणि तिथेच दोरा.

दुपारी दवाखाना रिकामा होता. डॉक्टरीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग ट्रेमधून दाढा बघायचा तो लांब दांडीचा छोटा आरसा उचलला, खुर्चीवरचा दिवा पुस्तकावर ओढला आणि बांधलेल्या पानांच्या फटीत आरसा सारला. बाई! माझी दाढ लाजेनं लाल झाली असती, रंग शिल्लक असता तर. त्या एक डोळा मिटून उलटी अक्षरं लावू लागल्या. किडलेली दाढ सापडावी तसा एक शब्द सापडला, 'आई'. पुढचा शब्द अर्धा दिसत होता. आरसा जरा कलता केला असता तर सगळी ओळ आली असती.

पण त्यांनी आरसा बाहेर काढला, दिवा बंद केला आणि नुसत्या बसून राहिल्या. त्यांना पहिल्यांदाच शेवटाची भीती वाटली होती.

रविवारी दुपारी त्या टाके कापायची कात्री घेऊन सोफ्यावर बसल्या. कात्री टेबलावर, पुस्तक मांडीवर, मी पुस्तकात. कापेनात. लेक चार्जर शोधण्याच्या निमित्तानं बाहेर आली. चार्जर तिच्या हातातच होता.

"काय झालं?"

"काही नाही. बोट अजून आली नाही."

"मग काप ना दोरा."

"कापते."

लेकीनं आईकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या पेशंटांचा असतो ना, तसा त्यांचा चेहरा झाला होता. लेकीच्या तोंडून निघूनच गेलं, "आई, सांगू का मी? काय होतं ते?"

बोलली आणि स्वतःच चपापली. मी श्वास रोखला, जो काही अर्धा आहे तो. इतकी वर्षं शेवटचं पान आधी वाचणारी ही बाई, आणि शेवट आयता दारात चालून आलेला.

"नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांगू नकोस. तू फक्त इथे बस."

लेक बसली. खांद्याला खांदा लावून. मग म्हणाली, "तू का सांगितलंस ते आत्ता कळलं मला. पण तरी तू चुकलीस."

"हो गं. चुकले."

कात्री चालली. दोरा गळून पडला. मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं, तेही पालथं. दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून वाचू लागल्या. लेक भरभर वाचते, शिवाय तिचं वाचून झालेलं, पण प्रत्येक पानाच्या तळाशी ती थांबायची आणि आईनं मान हलवली की मगच पान उलटायची. एकदा दोघी हसल्या. मग कितीतरी वेळ नुसती पानं. मग कुणीतरी नाक ओढलं. आतून बाबांनी विचारलं, "काय गं, काय झालं?" आणि दोघी एका आवाजात ओरडल्या, "सांगणार नाही!"

आता जेवताना पुन्हा आरडाओरडा असतो. माझे कोपरे भुगा झालेत, दाढेचं हसू पुसट झालंय, शेपटीचा एक धागा तेवढा राहिलाय. दोघी मला आपापल्या पुस्तकात ओढतात, त्यात एक दिवस माझे दोन तुकडे होणार. होऊ देत. दोघींना एकेक येईल.

दुःख आहे ते एकच. पुस्तक संपत आलं की आम्हाला बाहेर काढतात, त्यामुळे आम्हाला शेवट कधी कळत नाही. आणि या घरात आता कुणी कुणाला शेवट सांगत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्यापैकी कुणी ते दीपगृहाचं पुस्तक वाचलं असेल, तर त्या दोघी नसताना जरा माझ्याकडे वाका आणि एवढंच सांगा.

ती बोट परत आली का हो?