दह्याला गाडी लागत नाही

अभिमननानांनी दह्याचं पातेलं पुढच्या सीटवर ठेवलं, त्याच्याभोवती बायकोची जुनी शाल गुंडाळली आणि वरून पट्टा ओढून खटकन अडकवला. स्वतःचा पट्टा लावायचा मात्र विसरले. गाडी टुंग टुंग करत ओरडू लागली.

"लावस, लावस," नाना गाडीला म्हणाले. "जरा दम धर."

दही मुद्दाम आदल्या दिवशी लावलेलं होतं. घट्ट, कवडी पडेल असं. नानांचा हिशेब सरळ होता. आपल्या खैरपाड्यापासून साक्रीपर्यंतचा रस्ता या दह्याने न मोडता काढला, तर भिकुबाईची पाठही काढील. डॉक्टरांनी फक्त 'धक्का बसता कामा नये' एवढंच सांगितलं होतं. धक्का म्हणजे केवढा, ते काही सांगितलं नव्हतं. ते आता दही सांगणार होतं.

भिकुबाई म्हणजे नानांची बायको. मणक्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेली, ती तिथेच देवपूर भागात लेकीच्या घरी राहिली होती. टाके निघाले, कमरेला पट्टा बांधून चालू लागली, जिना उतरू लागली, तरी घरी यायचं नाव काढेना. कारण रस्ता. नानांनी उभा जन्म साक्री-धुळे रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली होती, आणि बायकोला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हाही दुसऱ्या कुणाची गाडी सांगायची त्यांना लाज वाटली होती. त्या दिवशी भिकुबाई पुढच्या लोखंडी दांडीला धरून, पदराचा बोळा तोंडात घालून धुळ्यापर्यंत गेली. ओरडली नाही. पण नंतर तिने लेकीला साफ सांगून टाकलं होतं, "त्या रस्तानी मन्ही आते हिंमत नही. मी आठेच बरी शे."

नानांना घर खायला उठत होतं. चहा करावा तर दोन कप व्हायचा. मग जळगावला ठिबकच्या कंपनीत असलेल्या समाधानने, त्यांच्या मुलाने, नवी मोठी गाडी घेतली, हार घालून गावी आणली आणि बापाच्या हाती किल्ली दिली. "नाना, मायले हाईमा आना. पोटमानं पानी बी हालाव नही." एवढं बोलून तो बसने परत गेला. नाना गाडीकडे बघत राहिले. एवढी उंच, गुळगुळीत गाडी दारात उभी असली की त्यांना स्वतःच्याच घरी पाहुणा आल्यासारखं वाटे.

मागे डिकीत बाजरीची पोती होती. ही नानांची स्वतःची अक्कल. रिकामी जीप उडते आणि भरलेली जीप दबून चालते, हे त्या रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा. सवाऱ्या कमी असल्या की नाना मागे वाळूची पोती टाकत. गाडी नवी झाली म्हणून तिची जात थोडीच बदलते, असं त्यांनी धरलं होतं.

शाळेसमोरच्या गतिरोधकापर्यंत सगळं झकास चाललं. पुढची चाकं अलगद चढली, अलगद उतरली. नाना खूश होऊन दह्याकडे बघणार, एवढ्यात मागून धाडकन आवाज आला. पातेलं उसळलं, आणि अर्धं दही शालीवर, उरलेलं सीटवर. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक नानांनी अजून कुणाला काढू दिलं नव्हतं, तेवढीच अब्रू वाचली.

तसेच ते साक्रीला चांद मिस्तरीकडे गेले. जीपचं सगळं दुखणंखुपणं वर्षानुवर्षं चांदनेच काढलेलं. त्याने डिकी उघडली, पोती पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"नाना, हाई काय बाजारले जाई राहिनी का?"

"वजनबिगर उडस ना ती."

"जीप उडे. जीपले लोखंडना पाटा व्हतात, वजन पडाशिवाय वाकेत नही. हाईले स्प्रिंगा शेत, आधीच नरम. तुम्ही तिले बाजरी लादी, ती बिचारी खाले बठी गयी. मंग ब्रेकरवर आपटाव नही ते काय करी?"

पोती उतरली. पण चांदला तेवढ्याने पटलं नाही. तो शेजारी बसला, म्हणाला, जरा चालवून दाखवा. नानांनी चालवली. बाजाराच्या वळणापर्यंत जाईस्तोवर चांदने दारावरची धरायची मूठ घट्ट पकडली होती.

"नाना, कट काब्र मारतस?"

"खड्डा व्हता."

"व्हवू द्या ना. जीपमा चुकाडेत, तठे ठीक व्हतं. आठे कट मारा का गाडी डोलस. खड्डामाईन सरळ जावा. हळू जावा, पण सरळ जावा. बाकी तिले करू द्या, तिन्हं कामच ते शे."

नानांना हे गिळायला जड गेलं. खड्डा चुकवणं ही तर त्यांची विद्या होती. सवाऱ्या म्हणत, अभिमनच्या जीपमध्ये बसलं की निम्मा रस्ता कमी लागतो. आता दिसलेल्या खड्ड्यात आपण होऊन चाक घालायचं, म्हणजे त्यांना पाप केल्यासारखं वाटे. शिवाय दुसरी एक पंचाईत होती. जीपमध्ये रस्ता बुडाखालून कळायचा. डांबर कुठे संपलं, खडी कुठे लागली, मागचं चाक कधी खड्ड्यात बसलं, सगळं अंगाला समजे. या गाडीत काहीच वर येत नव्हतं. गादीवर बसून खिडकीतून रस्ता बघितल्यासारखं. आपण गाडी चालवतोय की गाडी आपल्याला नेतेय, हेच त्यांना कळेना, आणि या वयात शिकाऊ झालो याचा त्यांना राग येई.

पण बायको आणायची होती. नाना रोज सकाळी निघत, साक्रीला जात, परत येत. ब्रेक लांबून दाबायचा, गतिरोधकावर चढायच्या आत सोडायचा, स्टिअरिंग झटक्याने नाही तर हळूहळू वळवायचं, हे पाय आणि हात कुरकुरत शिकले. मग एक दिवस पुन्हा दही लावलं. पातेलं साक्रीला जाऊन परत आलं, झाकण काढलं, तर वर एक चीरसुद्धा नव्हती. नानांनी ओट्यावर बसून तेच दही भाकरीशी खाल्लं. इतकं गोड दही त्यांनी कित्येक महिन्यांत खाल्लं नव्हतं. मग लेकीला फोन लावला.

"ज्योती, तुन्ही मायले सांग. दही जसंनं तसं उनं."

"नाना, तुम्ही मायले लेवाले येतस का दही इकाले?" ज्योती हसत म्हणाली. मागून भिकुबाईचा आवाज आला, "दहीनं काई ऑपरेशन व्हयेल नही व्हतं, सांग त्यास्ले."

दुसऱ्या दिवशी नाना देवपूरला पोचले. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या हाताने फाडून काढलं होतं. ज्योतीने आईची बरीच समजूत घातली. नदीच्या पुलापर्यंत एक चक्कर मार, नाही जमलं तर परत ये, कुणी बळजबरी करत नाही. भिकुबाई कमरेचा पट्टा आवळून, जिना एकेक पायरी उतरून खाली आली आणि गाडीत बसली. तिची थैली मात्र वरच राहिली होती. ती विसरली नव्हती, तिने ठेवली होती. नानांनी ते पाहिलं, आणि ही परत फिरायच्या बेतानेच उतरली आहे हे ओळखलं.

मन घाबरलं की हात जुने होतात. देवपूरच्या गल्लीत रिक्षा आडवी आली, नानांनी कट मारला. पुढे उघडं गटार, पुन्हा कट. खड्डा, कट. चांदने शिकवलेलं सगळं वाहून गेलं. गाडी पाळण्यासारखी इकडून तिकडे डोलत पांझरा नदीच्या पुलाशी आली, तेव्हा भिकुबाईचा चेहरा पिवळा पडला होता.

"थांबाडा," ती म्हणाली.

पुलाच्या अलीकडे उतरून तिने ओकारी काढली. नानांनी तिच्या कपाळाला हात लावला, चूळ भरायला पाणी दिलं. दह्याला गाडी लागत नाही, माणसाला लागते, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. आता ही इथूनच परत फिरणार आणि पुन्हा कधी गाडीत पाय ठेवणार नाही, हे त्यांना दिसत होतं. एवढी महागाची गाडी त्यांना त्या क्षणी भंगारात घालावीशी वाटली.

"पाठ दुखनी का?" त्यांनी विचारलं.

"पाठ नही दुखनी."

"मंग?"

भिकुबाई कठड्याला टेकली. तिला दम लागला होता. "कयस नही," ती म्हणाली. काय कळत नाही, ते नानांना समजेना.

"काय कयस नही?"

"काईच. जीपमा माले बठ्ठं कये. इंजिन दबनं का ब्रेकर येस. तुम्ही दातओठ खावाले लागनात का मोठा खड्डा शे. मी दांडी धरी लेऊ, पाठ कडक करी लेऊ. दुखे, पण कये. हाई गाडी चूप, तुम्ही बी चूप. एकदम इकडे, एकदम तिकडे. पाठले तयारच व्हता येत नही. माले भ्याव वाटस."

नानांना उमगलं. गाडीत बसून आंधळं झाल्यासारखं आपल्याला वाटत होतं, तेच हिलाही वाटत होतं. मागे लटकणाऱ्या सवाऱ्यांना ते जन्मभर 'सांभाळा रे' म्हणून ओरडत आले. शेजारी बसलेल्या बायकोला मात्र कधी सांगितलं नव्हतं. तिला कळतं, असं धरून चालले होते.

"मी सांगत जासू," ते म्हणाले.

"काय?"

"बठ्ठं. ब्रेकर, खड्डा, जे येई ते. आधी सांगसू, मंग चाक घालसू."

भिकुबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, खरं बोलतात की थट्टा करतात ते ठरवत. मग गाडीत बसली. नानांनी गाडी देवपूरकडे वळवली, पण अगदी बैलगाडीच्या चालीने.

"पुढे ब्रेकर शे. आते चढस. हां, उतरस. डावीकडे वयस, हळूच. खड्डा शे, लहान शे. चुकाडत नही, सरळ जास."

गाडी खड्ड्यातून सरळ गेली. आत फक्त हलकासा झोका आला आणि विरला. भिकुबाई ताठ बसली होती, पण श्वास सोडत होती. नानांच्या लक्षात आलं की सांगायचं म्हटलं की आपल्यालाही आधी बघावं लागतं, आधी पाय हलवावा लागतो. कट मारायला वेळच उरत नाही.

ज्योती दारातच उभी होती. गाडी थांबली. नाना उतरून पलीकडचं दार उघडायला गेले, तर भिकुबाईने काच खाली केली आणि लेकीला म्हणाली, "ज्योती, मन्ही थैली आन वरथून. आणि मन्ह्या गोळ्या."

नानांनी दारावरचा हात काढून घेतला. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर नाना थांबलेच नाहीत. म्हणजे बोलायचे थांबले नाहीत. ट्रक मागून येस, वारा लागी. पूल उना, जोड शे, टक् करी. कुसुंबा उनं, आठे गर्दी राही. नेरच्या पुढे भिकुबाई म्हणाली, "आते काचवर माशी बठनी ते बी सांगशात का?"

"सांगसू," नाना म्हणाले. "तू सांगेल नही व्हतं का, काईच कयस नही?"

ती हसली. पुष्कळ दिवसांनी तिला हसताना पाहून नानांना असं बरं वाटलं की पुढचा गतिरोधक सांगायला ते जवळजवळ चुकलेच होते.

साक्री मागे पडली. गावाकडचा अरुंद रस्ता लागला, जिथे जीपमधल्या सवाऱ्या हमखास देवाचं नाव घेत. नाना सांगत होते आणि शेजारून हुंकार येत होता. मग हुंकार बंद झाला. पुन्हा गाडी लागली की काय, म्हणून त्यांनी घाबरून वळून पाहिलं. भिकुबाई झोपली होती. तोंड जरासं उघडं, मान खिडकीकडे कललेली. जन्मभर दांडी धरून पक्का झालेला तिचा हात मांडीवर उताणा पडला होता, कशालाही न धरता.

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी बाहीने पुसले, कारण समोर गावाची मोरी होती.

"मोरी उनी," ते म्हणाले, पण अगदी हळू, तिला जाग येणार नाही इतक्या बेताने. पुढची चाकं गेली. मागची गेली. "गयी मोरी."

अंगणात जुनी जीप उभी होती, बॉनेटवर कोंबडी बसलेली. नानांनी नवी गाडी तिच्या शेजारी लावली. इंजिन बंद केलं तर तिची झोप मोडेल म्हणून चालूच ठेवलं.

"घर उनं," त्यांनी सांगितलं, तेही हळूच, आणि तिला आपोआप जाग येईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.