स्वतःसाठी मागताना

सिलोनच्या विद्यार्थी सहलीसाठी नलू विजयकरची निवड झाली, तेव्हा ठाकूरद्वारच्या त्यांच्या बिऱ्हाडात पेढे आले आणि त्याच संध्याकाळी कुरबुरही झाली. निम्मा खर्च सहल काढणारं मंडळ देणार होतं. उरलेला विद्यार्थ्याने देणगीदार शोधून उभा करायचा. थोरल्या बहिणीच्या लग्नात वडिलांची, अप्पांची, शिल्लक संपली होती. सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांचा जन्म गेला, पण घरातलं कुणी कधी हात पसरून कुणाच्या दारात उभं राहिलं नव्हतं.

"जायचं तर जा. पण माझ्या ओळखीत कुणाकडे मागू नकोस," एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

नलूला घरात बसवेना. कॉलेज सुटलं की ती निघे. शिवाजी पार्कच्या निवृत्त इंजिनियरांनी, डॉक्टरांनी सरबत दिलं, मार्क विचारले, सिलोनपेक्षा काश्मीर बघावं असं सुचवलं आणि थोडंफार हातावर ठेवलं. मुदत संपत आली तरी रक्कम भरेना.

मग तिला लालबागची सुंदराबाईंची खानावळ आठवली. आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीचा वर्गणीचा डबा घेऊन ती गिरणगावात फिरली होती, तेव्हा त्या दारातून ती रिकामी परतली नव्हती. तिथे आपण समितीसाठीच आलो असं समजतील, हा विचार मनात येत होता, तो तिने पुढे येऊ दिला नाही.

पहिली पाळी सुटून कामगार जेवायला बसले होते. नलू उंबऱ्यात दिसताच सुंदराबाई हातातली पळी ठेवून म्हणाल्या, समितीची पोर आली. नलूने तोंड उघडायच्या आत एक ताटली पंगतीतून फिरू लागली. कुणी कनवटीचे काढले, कुणी शेजाऱ्याकडून घेऊन टाकले. ताटली तिच्यापुढे आली. तिने पैसे पिशवीत घेतले, आभार मानले आणि ती जवळजवळ पळतच रस्त्यावर आली.

तेवढ्याने रक्कम पुरी होत होती. तरी ती बसमध्ये चढली नाही. लालबागपासून घरापर्यंत चालत आली, जेवायला बसली आणि अर्ध्या पानावरून उठली. अप्पांनी विचारलं, तर ऊन लागलं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा खानावळीत गेली आणि सुंदराबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"माका कित्याक सांगतंस?" त्या म्हणाल्या. "पैसे ह्यांचे. ह्यांकाच सांग."

जेवती पंगत समोर होती. नलूने सांगितलं, की काल ती समितीसाठी आली नव्हती, स्वतःच्या सहलीसाठी आली होती आणि त्यांचा गैरसमज झालेला दिसत असून गप्प राहिली. हात थांबले. कोपऱ्यात कोंडीराम बसला होता. त्याचा धाकटा भाऊ समितीच्या आंदोलनातल्या गोळीबारात गेला होता. तो उठला, हात धुतला, तिच्याकडून पैसे घेऊन रुमालात बांधले आणि पाळी सुटून घरी निघालेल्या एकाजवळ समितीच्या कचेरीत टाकायला दिले.

"आणि तुझं काय?" त्याने विचारलं.

"माझे जमले नाहीत."

"मग माग की. आता आमाला ठावं हाय कशापायी ते."

नलूने मागितलं. ताटली पुन्हा फिरली. काहींनी टाकलं, पुष्कळ जण उठून गेले. कोंडीरामने काही टाकलं नाही. काल दिले, आता जवळ नाहीत, असं त्याने सरळ सांगितलं. जमलं ते कालच्या निम्मंही नव्हतं.

घरी आल्यावर तिने अप्पांपासून काही लपवलं नाही. ते ऐकत राहिले. रागावतील म्हणून ती गॅलरीत येरझारा घालत होती, पण ते रागावलेही नाहीत.

सकाळी अप्पांनी पेटीतला काळा कोट काढला, टोपी घातली आणि कुठे ते न सांगता बाहेर पडले. परतले ते दुपार कलल्यावर. नलूच्या हातात त्यांनी एक पाकीट दिलं.

"आमच्या सॉलिसिटर साहेबांकडे गेलो होतो," ते म्हणाले. "बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग बोलावलं. मी मागितले, त्यांनी दिले."

अप्पांनी कोट खुंटीला लावला आणि चहा मागितला.

त्याच संध्याकाळी तिने मंडळाच्या कचेरीत पैसे भरले. भरल्यावर जीव निवेल असं तिला वाटलं होतं. पण तसं झालं नाही. सरळ घरी न जाता ती चौपाटीवर गेली, वाळूत बसली, लगेच उठली आणि परत फिरली.

अप्पा दारातच होते. सिलोनला थंडी असते का, त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

"तरी स्वेटर असू दे," अप्पा म्हणाले. "बोटीवर वारा असतो."