गिरणीमागचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. सोलापुरात एका कापडगिरणीची भिंत बांधताना चुना भिजवायला मला खणले. भिंत झाली आणि मला बुजवायचे सगळेच विसरले. पुढे गिरणीचा केर माझ्यात पडू लागला: तुटके तंतू, सरकीची टरफले, कापसाची धूळ. वारा सुटला की तो उडून शेजारच्या गल्लीतल्या भाकऱ्यांवर बसे. बायका मला शिव्या देत.

केर टाकायला चंद्रव्वा येई. ती मैंदर्गीच्या शेतकऱ्याघरची. एकोणीसशे एकतीस साली तिने केरावर शेणकाला ओतायला सुरुवात केली. मग राख, मग माती, पुन्हा केर. मुकादम सिद्रामप्पा कुरकुरला, पण केर उडायचा थांबला म्हणून गप्प बसला.

थंडीतल्या एका सकाळी माझ्यातून वाफ निघू लागली. कापूस पेटला असे समजून सिद्रामप्पाने भोंगा वाजवायला लावला. कामगारांना वाटले, सुट्टी झाली. ते डबे उचलून घरी गेले. इकडे बादली घेऊन धावताना मुकादम घसरला आणि कमरेपर्यंत माझ्यात रुतला.

"हात द्या, वढते," चंद्रव्वा म्हणाली.

"जरा थांब. गुडघं लई दिसांनी मोकळं झाल्यात."

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. बंद पडलेली गिरणी पाहून त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"खड्डा आजच बुजवा. आणि तुम्ही दोघे उद्यापासून येऊ नका."

चंद्रव्वाने मान खाली घातली.

"सायेब," सिद्रामप्पा माझ्यातूनच म्हणाला, "ही आग न्हाय, कुजायची ऊब हाय. मी सोता हुबा राहून बघितलंय."

"दोन म्हैनं द्या," चंद्रव्वा म्हणाली. "काळं खत झालं न्हाय, तर मीच बुजवते."

साहेबांनी दोन महिने दिले. मुदत भरली तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावून माझ्यातली मूठभर काळी माती उचलली. हळूच रुमाल काढला. वास पावसाळी रानासारखा होता. त्यांनी आणखी दोन खड्डे खणायला सांगितले आणि पहिली पाटी स्वतःच्या बंगल्यातल्या वांग्यांना नेली.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. हल्ली लोक माझ्यात फुटक्या काचा आणि पत्र्याचे डबे टाकतात. कुजेल ते खुशाल घाला. त्याची माती करून परत देईन. पण पत्रा मला पचत नाही हो.