अर्ध्या मीटरच्या आत

रिटचिंगवाल्या काकूंचा हात धरणारं शहरात दुसरं कोणी नव्हतं. फोटोतले मिटलेले डोळे उघडणं, दुहेरी हनुवटी एकेरी करणं, नवरदेवाच्या कपाळावरची पुटकुळी लग्नापुरती घालवणं, हे सगळं त्या केसाएवढ्या ब्रशने करायच्या. तीस वर्षांत हजारो चेहरे त्यांच्या हाताखालून गेले. आणि एका सकाळी चहा गाळताना त्यांच्या लक्षात आलं, की काकांचं नाक नेमकं कसं होतं ते आपल्याला आठवतच नाही. काका जाऊन अवघे सात महिने झाले होते.

फोटो बघावा, तर फोटोच नाही. आयुष्यभर फोटो काढून पोट भरलेल्या माणसाचा घरात एक फोटो नसावा, याला काय म्हणायचं! स्वतःच्या लग्नात हा गृहस्थ दर पाच मिनिटांनी उठून समोरच्या फोटोग्राफरला अक्कल शिकवायला जायचा. त्यामुळे अल्बमभर काकू नटूनथटून बसल्यात आणि शेजारी रिकामी खुर्ची. लेकीच्या मोबाइलमध्ये बाबांचे नऊ फोटो होते आणि नऊच्या नऊ फोटोंत पुढे केलेला तळहात. ओळखपत्र पाकिटात घामाने भिजलेलं, त्यावर एक कान आणि कॉलर तेवढी शिल्लक. काकूंनी त्या कानावरून उरलेला चेहरा कागदावर काढून बघितला. कपाळ जमलं, डोळे जमले, नाकापाशी हात अडला. दुसऱ्या दिवशी बघतात तर डोळेही परक्या माणसाचे वाटायला लागले. माणूस गेला ते गेला, आता आठवणीतूनही चालला होता.

"आई, बाजारात विचार ना," लेक म्हणाली. "दर रविवारी बाबा तिथेच तर पडीक असायचे. कोणीतरी काढला असेल."

म्हणून रविवारी सकाळी काकू जुन्या वस्तूंच्या बाजारात गेल्या. गळ्यात काकांचा कॅमेरा आणि त्याला काकांची लाडकी लेन्स, हाताने रिंग फिरवून फोकस करायची, काठाचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसणारी. आत काकांनीच भरलेला रोल अर्धवट पडून होता.

जुने कॅमेरे विकणारा म्हातारा काकांचा दोस्त. त्याने नकारार्थी मान हलवली. "त्यांनी माझे शंभर काढले असतील, काकू. मी त्यांचा एक नाही काढला. उभे राहतील तर शपथ! आता आलाच आहात तर माझा एक काढा. रोल वाया कशाला घालवायचा?"

काकूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. रिंग फिरली, म्हाताऱ्याच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट झाला. त्याच्या मागे सगळं धूसर होतं. बंद पडलेली घड्याळं, टाइपरायटर, केस गेलेल्या बाहुल्या आणि त्यांच्यातून सरकणारी गर्दी. त्या गर्दीत एक करडा डाग मात्र हलत नव्हता. एका पायावर भार देऊन, एक खांदा पाडून उभा होता.

त्या पवित्र्यावरून काकूंनी ओळखलं. फोटो काढताना काका असेच उभे राहायचे.

त्यांनी घाईघाईने रिंग त्याच्यावर आणली. घड्याळाचे काटे स्पष्ट झाले, आणि तिथे कोणी नव्हतं. रिंग मागे घेतली, डाग हजर. कॅमेरा खाली केला, तर नुसती गर्दी. पुन्हा डोळ्याला लावला. फोकस केला की गायब, सोडला की उभा.

"काय झालं, काकू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही. मिशी छान आलीये," काकू म्हणाल्या आणि डाग धूसरच ठेवून त्यांनी बटण दाबलं.

रोल पुढे ओढून बघतात तर डाग म्हाताऱ्याच्या खांद्यापाशी आला होता. चेहऱ्याच्या जागी दाट काळोखी होती. काकूंनी पुन्हा बटण दाबलं. मग तो म्हाताऱ्याच्या अलीकडे आला, मग टेबलाच्याही अलीकडे. आता काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला होता. पळावंसं वाटत होतं आणि पाय मात्र हलत नव्हते, कारण तो चेहरा जवळ येत होता. आणखी थोडा आला असता, तर नाक दिसलं असतं.

सातव्या फोटोच्या वेळी कॅमेऱ्यातून बघायची सगळी खिडकीच काळी झाली. रिंग शेवटच्या टोकाला, अर्ध्या मीटरवर जाऊन अडकली. त्याच्या आतलं या लेन्सला स्पष्ट दिसत नाही. तो आत आला होता. काकूंच्या कपाळाला कोणाचा तरी श्वास लागला.

त्यांनी कॅमेरा हनुवटीपर्यंत खाली घेतला. त्यांच्या आणि म्हाताऱ्याच्या मध्ये सकाळचं ऊन होतं, दुसरं काही नाही. त्या उन्हाकडेच बघत त्यांनी बटण दाबलं.

घरी येऊन त्यांनी डार्करूमचं दार लावून घेतलं. रोल धुतला, वाळवला, बाजारातला पहिला प्रिंट डेव्हलपरच्या पाण्यात सोडला. लाल उजेडात कागदावर हळूहळू काळं उमटायला लागलं. त्यात म्हातारा पाठमोरा होता. त्याच्यापलीकडे, डोळ्याला कॅमेरा लावून, काकू स्वतः उभ्या होत्या.

दुसऱ्या प्रिंटमध्येही काकूच. तिसऱ्यातही. प्रत्येकात जरा जवळ, आणि कुठेही हात हललेला नाही, फोकस चुकलेला नाही. सातव्यात फक्त त्यांचे डोळे होते. पापण्या मोजून घ्याव्यात इतके स्पष्ट, पाण्याने भरलेले.

काकूंनी पांढरा दिवा लावला आणि उजव्या बुबुळावर भिंग धरलं. बुबुळात एक माणूस उभा होता. एक खांदा पाडलेला. एक कान, कॉलर. त्याच्या वर मात्र चेहरा झाकून कॅमेरा.

काकूंना रडू फुटलं, आणि रडता रडता संतापही आला.

"अहो, मी कॅमेरा घेतला की नाही खाली?" त्या भिंगातल्या माणसाला म्हणाल्या. "आता तुम्हीही घ्या. एकदा फक्त. नीट बघू द्या मला."

कॅमेरा रिकामा होऊन खुंटीला टांगलेला होता. काकूंच्या अगदी कानाशी, हलकेच, शटर पडल्याचा आवाज आला.