वर राहिलेला चेंडू

मोसमातल्या पहिल्याच स्पर्धेत मी मारलेला चेंडू वर गेला आणि खाली आला नाही. माणसाने मातीचं ओझं झुगारून अनंताला हात लावल्याचा तो क्षण होता. रेफ्री म्हणाला, "बाजूला व्हा, मागचा गट खोळंबलाय."

आमचा गोल्फचा दौरा दुसऱ्या दर्जाचा. वर्षभर गावोगाव खेळायचं. शेवटी पहिल्या साठांत नाव असेल तर पुढच्या वर्षी परत बोलावतात, नसेल तर नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा. मला दुसरं काही येत नाही. एम.ए. आहे, पण ते येणं नव्हे.

गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहीत नाही, सोबतचा खेळाडू लिहितो. माझे फटके लांडगे लिहीत होता. सकाळी आम्ही रिवाजाप्रमाणे एकमेकांना चेंडू दाखवले होते. माझ्या चेंडूवर दोन निळे ठिपके, लांडग्याच्या चेंडूवर एक. पहिल्या फटक्यानंतर दोन्ही चेंडू गवतात शेजारी शेजारी पडले. माझी काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी गेनूमामा म्हणाले, "बघून मारा, साहेब." मी झेंड्याकडे नीट बघून मारला.

"हरवला म्हणून लिहा," मी रेफ्रीला म्हणालो. "दंड घेतो आणि दुसरा मारतो."

"दिसतोय ना वर? मग हरवला कसा?"

खरंच दिसत होता. लिंबाएवढा, पांढरा, स्वस्थ.

लांडग्याने उरलेल्या चेंडूवर तो होल चार फटक्यांत संपवला. माझं फटक्यांचं कार्ड मात्र अपुरं राहिलं, आणि चेंडू पडेपर्यंत ते लिहिणारा साक्षीदार हलू शकत नाही, म्हणून लांडगे माझ्याबरोबर राहू लागला. चेंडूही आला. दुसऱ्या गावी तो वरच होता, तिसऱ्या गावीही. आम्ही इतर चेंडूंनी खेळत राहिलो. मोसम संपत आला तेव्हा मी साठावा होतो, तो एक होल धरला नाही तर.

चेंडू तेवढाच होता, सावली वाढत होती. आधी बशीएवढी, मग परातीएवढी. उन्हाळ्यात इतर खेळाडू तिच्यात येऊन उभे राहायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत.

मधल्या सुट्टीत घरी गेलो तर सावली गच्चीभर पडली.

"गाद्या वाळत घातल्यात मी," वसुधा म्हणाली. "तो जरा सरकवता येत नाही का?"

"हात लावला तर दंड बसतो, वहिनी," लांडगे जेवता जेवता म्हणाला. तो आमच्या दिवाणावर झोपायचा. सोसायटीने सोलरवर सावली पडते म्हणून नोटीस दिली. त्यावर साक्षीदार म्हणून त्यानेच सही केली.

शेवटच्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सावली अख्ख्या मैदानावर होती. कावळे घरट्यांकडे निघाले. गेनूमामांनी टोपी काढली.

"उतरतोय, साहेब."

चेंडू सरळ झेंड्याच्या दिशेने उतरला, घाई न करता, आणि होलच्या तोंडावर वीतभर उंचीवर थांबला.

"आत गेला तर तुम्ही साठांत," रेफ्री म्हणाला. "पण आधी ओळख पटवा. हात न लावता."

लांडग्याने मोसमभर खिशात ठेवलेलं कार्ड काढलं, मांडीवर सपाट केलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "बोला, प्रोफेसर. दोन ना?"

मी गवतावर पालथा झालो, गाल जमिनीला टेकवला आणि खालून पाहिलं.

चेंडूवर एकच ठिपका होता.