जिवंत लेकीचं दहावं

अमरावतीबाहेरच्या गोवर्धनच्या फुलमळ्यात त्या सकाळीही झेंडू खुडून झाला होता. टोपल्या मात्र बाजारात गेल्या नव्हत्या. चुलीवर भात होता आणि त्याची बायको पार्बताबाई झाकण काढून पुन्हा पुन्हा पाहत होती. हा भात शिजूच नये, असं तिला वाटत होतं.

विहिरीच्या काठी जातीचे पंच नत्थुजी बसले होते. थोरली लेक शकुन सिनेमात गेली, म्हणून जिवंतपणीच तिचं दहावं करायचं ठरलं होतं. त्याशिवाय अकोल्याची माणसं धाकट्या बेबीला सून करून घेणार नव्हती.

शकुन लहानपणी बापाबरोबर हार विकताना गिऱ्हाइकांच्या नकला करायची. पुढे एका चित्रपट कंपनीने तिला मुंबईला नेलं. तिथे देखण्या बायका राण्या झाल्या. शकुन पिठाच्या परातीत पडणारी मोलकरीण झाली. सहा वर्षांत अकरा मुके चित्रपट. मागच्या साली बेबीसाठी स्थळ पाहायला नत्थुजींसह सगळे अकोल्याला गेले, तेव्हा तंबूत त्यांतला एक लागला होता. पडद्यावर शकुन छपरावरून कोसळली. पार्बताबाई किंचाळली. मग शकुन पिठाने पांढरी होऊन उठली, शिंकली, आणि सगळा तंबू हसला. आई मात्र घरी येईपर्यंत थरथरत होती.

"पार्बताबाई, आना ना भात," नत्थुजी ओरडले. "अकोल्याचे पावने येऊन राहिले बारा वाजता."

"मले भेव लागते जी," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "कावळा शिवला अन् तिकडं पोरीले खरंच काही झालं तं?"

गोवर्धनने मान वर केली नाही. "बेबीचा इचार कर."

"लोकाइले हासवत फिरते," नत्थुजी म्हणाले. "तिच्यापरीस मेलेली बरी."

गोवर्धनने भाताचा गोळा पानावर ठेवला. त्यावर पाणी सोडलं. पार्बताबाईला त्या गोळ्यात पिठाने माखलेला चेहरा दिसला. लिंबावरचा कावळा विहिरीच्या कठड्यावर उतरला. कोण मेलं हे कावळ्याला ठाऊक नसतं. त्याला भूक ठाऊक असते. तो पानापासून दोन हात अंतरावर आला.

पार्बताबाईने झडप घालून गोळा उचलला आणि घास तोंडात घातला.

"अवो, मेलेल्याचा घास हाय तो!" नत्थुजी मागे सरकले.

"मेलं कोन?" भरल्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. "त्या तंबूत डोये पुसू पुसू हासले तुमी. पायलं म्या."

"मंग मोडली समजा सोयरीक."

पार्बताबाईने चुलीजवळ बसलेल्या बेबीकडे पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. बेबी उठली, आईला खेटून बसली आणि हात पुढे केला.

"मलेई दे वं माय."

वाटेवर टांग्याचे घुंगरू वाजले. बेबीने घास गिळला. मग तोंड पुसून ती उभी राहिली.

"मीच सांगतो त्याइले," ती म्हणाली. "माही बहीन जित्ती हाय."